कॅलेंडरवरची कुंभारीण

किड्यांना घाबरणाऱ्या बाईने किड्यांचं पुस्तक काढायला घेऊ नये. मी घेतलं. लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करणं हा माझा पोटाचा धंदा आहे आणि या खेपेला प्रकाशकबाईंनी विषयच असा दिला: जगभरातले शकुनाचे किडे. दापोलीच्या माझ्या घरात झुरळ दिसलं तर मी खुर्चीवर चढते. तरी उन्हाळाभर बसून मी इजिप्तचा शेणकिडा काढला, जो म्हणे सूर्याचा गोळा आकाशातून ढकलत नेतो. चिनी माणसं भोपळ्यात पाळतात तो रातकिडा काढला. जर्मनीत नव्या वर्षाला ज्याच्या आकाराची मिठाई वाटतात तो ठिपक्यांचा लाल किडा काढला. मागे उडत नाही म्हणून जपानी योद्धे शिरस्त्राणावर मिरवायचे तो चतुरही काढला. सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "छानच. आणि आपल्याकडचा?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. मृगाचा मखमली किडा आठवला, पण तोवर ऑक्टोबर उजाडला होता, आणि न बघता चित्र काढायचं नाही हा माझा नियम. मग मी कुंदाला फोन केला. वडिलांच्या बदलीमुळे माझी कॉलेजची वर्षं औरंगाबादेत गेली, तेव्हाची ही माझी खोलीतली मैत्रीण. आता जालना जिल्ह्यात बदनापूरजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवते.

"शकुनाचा किडा ना, मंगल?" कुंदा म्हणाली. "आमच्या घरातच आहे. पण तुला इथं यावं लागेल. वर्षा फोटो काढू देत नाही."

वर्षा ही तिची सून. किड्याचा फोटो काढायला सुनेची परवानगी कशाला लागते, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बदनापूर

स्टेशनवर कुंदाचा मुलगा प्रशांत मोटरसायकल घेऊन आला होता. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये तो कामाला आहे. गाडीतून डबे आणि पिशव्या सांभाळत उतरलेल्या नोकरदारांच्या घोळक्यातून त्याने मला बरोबर हेरलं. "मावशी, छत्री कशाला आणली? पाऊस कव्हाच गेला," म्हणून हसला. कोकणातल्या माणसाची छत्री सुटत नाही, काय करणार!

आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवं इतकं अंगावर येतं की आकाश मागून घ्यावं लागतं. इथे उलटं. काळ्या रानात सोयाबीनची काढणी झालेली, मधूनच मोसंबीची बाग, कापसाची बोंडं नुकती उमलायला लागलेली, आणि बाकी सगळं आकाश. ऊन असं की मोटरसायकलच्या आरशाला हात लावला तर चटका बसला. इतक्या उघड्यावर, इतक्या उजेडात भीती कशाची वाटणार, असं मला वाटलं होतं.

कुंदाचं घर गावाच्या कडेला, स्लॅबचं, स्वच्छ. ओटीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि त्याखाली कुंदाने शाळेतल्या मुलांकडून करून घेतलेली मातीची हृदयं, फुप्फुसं, डोळे. "जय भीम, मावशी," म्हणत वर्षा पाणी घेऊन आली. आठवा महिना सरत आलेला. बाकी अंग बारीक आणि पोट तेवढं पुढे. ती हळू चालत होती, हळू बोलत होती, आणि बोलता बोलता मधेच थांबून आतल्या खोलीकडे कान देत होती.

जेवायला येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं ते काळपट पीठ पाण्यात शिजवलं की असा वास सुटतो की भाकरी कमी पडते. मी कोकणी जिभेची फुशारकी मारत ठेचाही घेतला आणि पुढचा अर्धा तास डोळे पुशीत बसले. कुंदा पोट धरून हसली. वर्षा हसली नाही. तिने ताट बाजूला केलं आणि म्हणाली, "आई, तिचं गुणगुणणं थांबलं."

"थांबू दे. विश्रांती घेत असेल," कुंदा म्हणाली, पण तीही हसायची थांबली.

आतली खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पाहिलं.

आतल्या खोलीत वर्षाच्या पलंगासमोर भिंतीवर एक कॅलेंडर होतं. वर गुटगुटीत बाळाचं चित्र, खाली महिन्याचं पान. अशी बाळं आमच्याकडेही गरोदर बाईच्या खोलीत लावतात. बाईने जे बघावं तसं मूल व्हावं, हा त्यामागचा हिशोब. पण हे कॅलेंडर जुनं होतं. पान सप्टेंबरचं होतं आणि साल केव्हाच उलटून गेलेलं. ते कोणी बदललं नव्हतं, कारण बदलता येत नव्हतं. पानांच्या खालच्या कोपऱ्यावर मातीचं एक घट्ट घर होतं आणि त्याने सगळे महिने भिंतीला चिकटवून टाकले होते.

कुंभारीण. आमच्याकडेही तिला हेच नाव आहे. कमरेत दोऱ्याएवढी बारीक, ओल्या मातीचे गोळे तोंडात आणून भिंतीवर मडकी घडवणारी माशी. तिने घर बांधलं की घरात पाळणा हलणार, असं माझी आई म्हणायची. तिची माती उगाळून ती आम्हाला गालगुंडावर लावायची. त्या मातीचा गार स्पर्श मला अजून आठवतो.

"हे दुसरं," कुंदा म्हणाली. "पहिलं इथं होतं." कॅलेंडरच्या शेजारी भिंतीच्या रंगावर एक खरवडलेला डाग होता. "वर्षाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा बांधलं. मी म्हटलं, विज्ञानाच्या बाईच्या घरात हे काय! सुरी घेतली आणि काढून टाकलं. त्याच आठवड्यात पोर गेलं. दुसऱ्या वेळी हे कोपऱ्यातलं बांधलं. मी हात लावला नाही. पण ते फुटलंच नाही कधी. आतून कोणी बाहेर आलं नाही. आणि सातव्या महिन्यात ..." वर्षा तिथेच पलंगावर बसून ऐकत होती.

"तू शाळेत मुलांना काय सांगतेस मग?" मी हळूच विचारलं.

"योगायोग सांगते. तोच खरा आहे." कुंदाने पदराने कॅलेंडरवरची धूळ झटकली, घराला धक्का न लावता. "मी शाळेत बाई आहे गं. घरात सासू आहे."

तिसरं घर या वर्षीचं. ते बाळाच्या चित्रावरच होतं, उजव्या डोळ्यावर. अंगठ्याएवढं गोल मडकं, तोंड लिंपून बंद केलेलं. बाळ हसत होतं आणि एका डोळ्याच्या जागी माती होती. मी खूप किडे काढलेत, पण ते बघून मी एक पाऊल मागे सरले.

"हे आतून फुटायला पाहिजे, मावशी," वर्षा म्हणाली. "भायेरून न्हाई. आतून. मंग माझं बी सुखरूप होईल." तिच्या आवाजात हट्ट नव्हता. शेजारणीला दळण कधी मिळेल ते सांगावं तसं ती सांगत होती. मग म्हणाली, "कान लावा."

मी कान लावला. लावायला नको होता. आत काहीतरी खरवडत होतं, अगदी बारीक, थांबून थांबून.

परतूर

कुंदाने मला एक काम दिलं. वर्षाची आई परतूरला असते, तिला घेऊन ये. लेकीचे दिवस भरत आले, दवाखाना जवळ म्हणून तिला इथेच ठेवलीय, पण आई काही येत नाही. "तू परकी आहेस, तुझं ऐकेल," कुंदा म्हणाली. तिला स्वतःला शाळा होती.

प्रशांतने स्टेशनवर सोडलं. गाडी यायची होती. तो निघायच्या ऐवजी हेल्मेट हातात फिरवत उभा राहिला. "मावशी, मिलमध्ये मी हे कोणाला सांगत न्हाई. हसतील," तो म्हणाला. "पण रोज कामावरून आलो की पयले तिकडंच बघून राह्यलो. फुटलं न्हाई तर काय करायचं?" मी त्याला सांगितलं की मोटरसायकल हळू चालव.

परतूरला मोंढ्यात कापसाची पहिली आवक सुरू झाली होती. टेम्पोतून कापूस उतरत होता आणि पांढरे पुंजके हवेत तरंगत होते, नाकात जात होते. वर्षाच्या आईचं, विमलबाईंचं, घर मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या दारात, तुळयांवर, केसांत कापूस अडकलेला. त्यांनी मला चहा दिला, सोबत सुशीला दिला. म्हणजे भिजवलेले चुरमुरे, कांदा आणि शेंगदाण्याचा कूट. आमच्या पोह्यांचा हा मराठवाडी भाऊ. मी दोनदा वाढून घेतला. मग निरोप सांगितला.

"न्हाई येत ताई," त्या म्हणाल्या. "पयल्या खेपेला गेल्ते, तर ते झालं. दुसऱ्या खेपेला डिंकाचे लाडू करून गेल्ते. डबा उघडला बी न्हाई, तसाच वापस आणला. माझ्या पायात काय हाये का म्हणून मी माझेच पाय बघत बसते. ते घर फुटू द्या. फोन करा. मी त्याच गाडीनं निघते, बिलकुल थांबत न्हाई."

मी समजूत काढायला गेले की कुंभारीण काय, साधी माशी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तिची गोष्ट ठावं न्हाई तुम्हाला? ती दुसऱ्याची अळी उचलून आणती. घरात कोंडती, दार लिंपती. मंग भायेर बसून गुणगुणती, माझ्यावानी हो, माझ्यावानी हो. अळी आतमंदी आयकती, तिचाच ध्यास घेती, आन् एक दिवस तिच्यावानीच होऊन भायेर येती."

ही गोष्ट माझ्या आईनेही सांगितली होती. पुस्तकासाठी वाचलं तेव्हा खरं काय ते कळलं. अळी बदलत नाही. कुंभारीण तिला डंख मारून बधिर करते, जिवंत ठेवते, आणि शेजारी आपलं अंडं घालते. पिल्लू बाहेर आलं की त्या जिवंत अळीवर वाढतं. ते मी विमलबाईंना सांगितलं नाही.

"म्हणून पोटुशी बाईनं काय बघावं, काय आयकावं, ते बराबर ठरवावं लागतं," त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावरचा कापूस उचलला आणि दाराबाहेर फुंकला.

येताना गाडीत बसायला जागा मिळाली, पण डोळा लागला नाही. शेजारच्या बाईच्या मोबाईलवर गाणी चालली होती. त्या आवाजाखाली मला ते खरवडणं ऐकू येत होतं.

भर दुपारी

पुढचा दिवस रविवार. कुंदा घरी, प्रशांत कामावर. दुपारचं जेवण झालं, मी ओटीवर कागद पसरून कुंभारणीच्या पायांची लांबी ठरवत होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं, आणि घरात इतकी शांतता की पंख्याचा खटका मोठा वाटावा.

"आई," वर्षाने आतून हाक मारली. ओरडली नाही. "आई, मावशी, या."

बाळाच्या गालावरून मातीचे कण खाली सांडत होते. लिंपलेल्या तोंडाशी एक बारीक भोक पडलं होतं आणि ते मोठं होत होतं. आम्ही तिघी उभ्या. कुंदाने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं मला रुतत होती, पण मी हात सोडवला नाही. भोकातून दोन मिशा आल्या. चाचपडल्या. मग डोकं आलं.

ते हिरवं होतं.

कुंभारीण काळी असते, नाहीतर तांबूस-पिवळी. हे अंग हिरवं होतं, धातूसारखं, आणि उन्हाची तिरीप पडली की निळं होत होतं. ते सावकाश बाहेर आलं, बाळाच्या ओठांवर आलं, आणि तिथून टपकन खाली पडलं. पडताच पाय पोटाशी घेऊन गोळा झालं. वर्षा अवघडलेली, तरी वाकली आणि तिने ते तळहातावर घेतलं. हिरवा मणी. हालचाल नाही.

"ही कुंभारीण न्हाई," ती म्हणाली.

मला ते काय आहे ते ठाऊक होतं. कुंदाकडे बघितलं, तिलाही ठाऊक होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून लगेच नजर काढून घेतली.

"आई, तुम्ही सायन्सच्या बाई. कोण हाये ही?"

कुंदाने इतका वेळ लावला की मला वाटलं ती सांगूनच टाकणार. वर्षाचा हात तिच्याच पोटाजवळ होता, त्यावर तो मणी, आणि ती सासूच्या तोंडाकडे बघत होती.

"तिचीच आहे," कुंदा म्हणाली. "कोवळी असताना हिरवी असते. मग काळी होते."

"हो," मी म्हणाले. "मी पुस्तकात वाचलंय."

तेवढ्यात तो मणी उलगडला. पाय बाहेर आले, पंख थरथरले, आणि ती उडून खिडकीच्या गजांतून बाहेर गेली. वर्षा हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिला रडू आलं, मग कुंदालाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. कुंदाने परतूरला फोन लावला. विमलबाईंनी एकच विचारलं, "आतून फुटलं ना?" आणि फोन ठेवला. संध्याकाळच्या गाडीने त्या डबा घेऊन हजर.

स्वयंपाकघरात चहा टाकताना कुंदा माझ्या कानाशी बोलली. "कुंभारीण माती आणायला गेली की ही हिरवी येते. गुपचूप आपलं अंडं ठेवते. हिचं पिल्लू आधी कुंभारणीचं पिल्लू खातं, मग त्याचा शिधा. आणि कुंभारीण बाहेरून लिंपत बसते. तिला काही कळत नाही." चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. "मी आयुष्यात मुलांना खोटं शिकवलं नाही. आज तिला शिकवलं."

"बरं केलंस," मी म्हणाले. मला तेव्हा ते खरंच बरं वाटलं.

निघायच्या दिवशी वर्षाने एक मागणं केलं. तिला ती हिरवी काढून हवी होती, मोठी, बाळाच्या चित्राएवढी. मी सगळे रंग पणाला लावले. असं चित्र मी पुन्हा काढू शकणार नाही. तिने ते त्या जुन्या कॅलेंडरवर टाचण्यांनी लावलं, एका डोळ्याच्या बाळाला झाकून. प्रशांत मला न्यायला आला तेव्हा ती पलंगावर बसून त्या चित्राकडे बघत होती. विमलबाई शेजारी बसून लाडू मोडत होत्या, आणि काहीतरी गुणगुणत होत्या.

दापोली

घरी येऊन मी पुस्तकातलं शेवटचं पान पूर्ण केलं. मातीचं मडकं, त्यावर कुंभारीण, शेजारी पाळणा. प्रकाशकबाई खूश झाल्या. त्या पानावर हिरवा रंग मी कुठेही वापरला नाही, पानाफुलांनाही नाही. का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी संपला म्हणाले.

थंडी सुरू झाली आणि कुंदाचा फोन आला. मुलगी. वर्षा सुखरूप, मुलगी सुखरूप, वजन चांगलं, रडणं खणखणीत. प्रशांतने मिलमध्ये पेढे वाटले. मी इकडे फोनवरच उड्या मारल्या. झुरळ आलं असतं तरी त्या दिवशी खुर्चीवर चढले नसते. मग लक्षात आलं की कुंदा नुसती हं हं करतेय.

"काय झालं गं?"

"काही नाही. डॉक्टर म्हणतात एकदम ठणठणीत." ती थांबली. "उचलून घेतली की हातपाय पोटाशी घेऊन गोळा होते."

"सगळीच बाळं होतात."

"हो," ती म्हणाली. "डोळे हिरवे आहेत."

मी म्हणाले की नव्या बाळांचे डोळे करडे असतात, पुढे बदलतात, तूच शाळेत शिकवतेस. ती म्हणाली, करडे नाहीत, मंगल. मी करडे बघितलेत. आमच्या घरात कोणाचे नाहीत, वर्षाच्या माहेरी नाहीत. उन्हात नेलं की निळे दिसतात.

"वर्षा काय म्हणते?" मी विचारलं.

"ती कुठे घाबरलीय! ती दिवसभर तिला मांडीवर घेऊन बघत बसते. मीच काल रडले, तर माझीच समजूत काढत होती." कुंदाने आवाज खाली आणला. तिच्या मागे पाळण्याची कडी वाजत होती. "म्हणाली, आई, तुम्हीच सांगितल्तं ना, कोवळी असताना हिरवीच असते."